डेकोरेशन कोणाले शोभते

मी अन् माझी धाकटी जाऊ सुनंदा पांढुर्ण्यात लग्नाचं डेकोरेशन करतो. एका सीझनमध्ये इतके किस्से जमा होतात की विचारू नका. लोकांना वाटते, फुलांचं काम, मजेचं असेल. अर्ध्या किश्शांत माझं डोकंच फिरलेलं असते.

सौंसरला कॉलेजात आमचे इंग्रजीचे सर सांगत, डेकोरेशनचं मूळ लॅटिन. 'डेकस' म्हणजे मान, शोभा. 'डिसेंट' हा शब्दही त्याच घरातला. म्हणजे आपल्यासारखंच, शोभा अन् शोभणं. हे मी एका गिऱ्हाइकाला सांगितलं, तर तो म्हणे, "मॅडम, लॅटिन राहू द्या. बलून किती लावता ते सांगा."

*

लोधीखेड्याला साखरपुडा होता, घरच्याच बगीच्यात. झाडं संत्र्यांनी वाकलेली. मालकाला ती फोटोत गावठी वाटत होती. त्यानं झाडांपुढं हिरवा पडदा लावायला सांगितला अन् पडद्यावर प्लास्टिकची संत्री टांगायला लावली. पाहुणे मात्र खऱ्या संत्र्यांसाठी पडद्यामागंच जाऊन राहिले होते.

*

तिगावच्या एकानं तर बापाच्या तेरवीला सेल्फी पॉइंट मागितला. मी म्हटलं, हे शोभत नाही.

"का? बाप तुमचा होता का?"

मी फोन ठेवला. दुसऱ्या कोणी करून दिलंच असेल.

*

अन् हे यंदाचं, पांढुर्ण्यातलंच. नवरीची आई विधवा. पोरीला तिनं एकटीनं वाढवलं. वरात जवळ आली, बँड ऐकू येऊ लागला, अन् नवरीचे काका आईला म्हणाले की कमानीत ओवाळायला मावशी उभी राहील, तू आत बस. तिनं आरतीचं ताट बहिणीच्या हाती दिलं अन् आत गेली.

सुनंदा शिडीवर होती. तिनं कमानीची झेंडूची माळ सोडायला घेतली.

"हे काय करून राहिली तू?" काका म्हणाले.

"डेकोरेशन काढून राहिली. पोरीच्या मायलेच इथं उभं राहता येत नाही, तर हे कोणासाठी लावलं?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मी दुसऱ्या बाजूची माळ सोडायला लागले.

आवाज ऐकून नवरी बाहेर आली. काय झालं ते तिला कळलं. ती आत गेली अन् आईला हाताला धरून घेऊन आली. काका बाजूला सरले.

तोवर वरात दारात. कमान अर्धी उघडी. सुनंदा माळ घेऊन पुन्हा चढली. बँड थांबला, नवरदेव घोडीवर ताटकळला.

खाली शिडी धरली होती नवरीच्या आईनं.