घट्ट बांध, ताई

माझ्या बहिणीचं डोकं मी रोज सकाळी दुखवायचे, आणि ती अजून घट्ट म्हणायची.

कॉन्व्हेंटची शिस्त होती. दोन वेण्या, वर दुमडलेल्या, लाल रिबिनी. प्रार्थनेआधी सिस्टर रांगेतून फिरायच्या. जिची वेणी सैल, ती मागे उभी.

आई डब्यांच्या गडबडीत. म्हणून नीलूच्या वेण्या माझ्याकडे. रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर ती खाली, मी वर, रिबीन माझ्या दातात.

"दुखते का?"

"नाही. अजून घट्ट बांध न ताई. तुले ताकद नाही का?"

काल नीलूची तेरवी झाली.

तिला पहिली फिट आली तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. आमचं राज्य तेव्हा नवं नवं वेगळं झालं होतं. शंकर नगरच्या एका भाड्याच्या बंगल्यात तिचं सरकारी ऑफिस थाटलं होतं. फाईल हातात घेऊन उभी होती, तशीच कोसळली. कुणी चप्पल हुंगवली, कुणी तोंडात चमचा घातला. एक दात तुटला.

त्याआधी कधीच काही नाही. घरात कुणाला नाही. डोक्याला मार नाही.

दोन वर्षांत तीनदा. ईईजी, एमआरआय, रक्त, सगळं नॉर्मल. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, कारण सापडत नाही.

गोळ्यांनी फिट थांबल्या. वर्षभर एकही आली नाही तेव्हा आम्ही पेढे वाटले. खरंच वाटले.

डोकेदुखी थांबली नाही. पहिल्या फिटनंतर ती आली, आणि मग गेलीच नाही.

मी रोज संध्याकाळी फोन करायचे.

"फिट नाही ना आली?"

"नाही."

"मग झालं."

डोक्याचं मी विचारत नसे.

विचारायची सुखबती, तिच्याकडे स्वयंपाकाला येणारी. चपला काढता काढताच, "मूड़ पिरावत हे का, दीदी?" डोकं दुखतंय का, एवढंच. नीलूने मान हलवली की त्या दिवशी कुकर नाही. शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजायची. सुखबतीला उशीर व्हायचा. तिने कधी बोलून दाखवलं नाही.

पुढे ऑफिस नव्या राजधानीत गेलं. रुंद पांढरे रस्ते, काचेच्या इमारती, सावलीला झाड नाही. नीलू बसमधून उतरायची ती काळा चष्मा लावून.

तिच्या सेक्शनचे पांडेजी रोज म्हणायचे, "मॅडम, आज भी शूटिंग है क्या?"

"हव, साइड रोल है."

मग टेबलाशी बसून स्टीलचा गार पेला कपाळाला लावायची, पाच मिनिटं. मग काम. हे मला काल पांडेजींनीच सांगितलं. पंगतीत बसले होते, जेवता येत नव्हतं त्यांना.

डोक्याला ती मलमलचा पट्टा बांधायची. कापड मीच पंडरीच्या कापड बाजारातून आणलं होतं, मीच फाडून पट्टे केले होते. सुरुवातीला बांधूनही मीच द्यायचे. मी पलंगावर, ती खाली.

"घट्ट बांध, ताई."

मग माझ्या गौरीचा साखरपुडा झाला. घर पाहुण्यांनी भरलेलं, बाहेर डीजे. नीलू मागच्या खोलीत दिवा बंद करून पडलेली, डोक्याला पट्टा. व्याही विचारत होते, मावशी कुठे आहेत म्हणून. मला लाज वाटली.

मी आत गेले. म्हटलं, "डोकं सगळ्यांचंच दुखते, नीलू. माझंही सकाळपासून दुखून राहिलं. मी झोपली का?"

ती उठली. पट्टा सोडला, त्याची घडी घातली. तोंड धुतलं, लिपस्टिक लावली.

फोटोत ती हसते आहे. छान फोटो आहे.

त्यानंतर सहा वर्षं तिने मला पट्टा बांधायला सांगितलं नाही. कधी विचारलंच तर "ठीक आहे, ताई." बांधून सुखबती द्यायची, हे मला आता कळलं.

त्या मंगळवारी सुखबतीने बेल वाजवली आणि दार उघडलं नाही. झोपेतच फिट आली असणार, असं डॉक्टर म्हणाले. इतक्या वर्षांत एकही नव्हती.

डोक्याला पट्टा होता. गाठ पुढे, कपाळावर. म्हणजे स्वतःच बांधला होता.

काल संध्याकाळी गौरी तिचं कपाट आवरत होती. वही घेऊन आली. "मम्मा, मौसी ने सब लिख के रखा है." ते कॉन्व्हेंटचं अक्षर, एकही खाडाखोड नाही. ज्यांना ज्यांना कळवायचं ते बहुतेक सगळे इथे आहेत, म्हणून ही पोस्ट. तिचं तिच्याच शब्दांत देते.

"कुकर सुखबतीला. आता खुशाल शिट्टी वाजू दे. गॅसची शेगडीपण तिलाच."

"काळा चष्मा पांडेजींना. मेन रोल मिळाला तर लागेल."

"मोत्याच्या कुड्या गौरीला. जड आहेत. मी एकदाच घातल्या, तिच्या साखरपुड्यात."

"दवाखान्याची फाईल रद्दीत द्या. त्यात सगळं नॉर्मल आहे."

पांडेजी, चष्मा पेटीसकट ठेवला आहे. रविवारपर्यंत मी तिच्याच घरी आहे. सुखबती कुकर न्यायला तयार नाही. मी पोहोचवीन.

शेवटची ओळ माझ्यासाठी आहे.

"मलमलचे पट्टे ताईला. सगळे धुतलेले आहेत. तिचंही दुखतं, एकदा म्हणाली होती."

नीलू, त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं.

पट्टे मी घेतले. तू नीज आता.