विहिणींच्या मधली भाषा

इंडोनेशियन भाषेच्या पहिल्या पातळीवर शिकणारा जेवण मागवतो, रस्ता विचारतो, बाजारात घासाघीस करतो. मधल्या पातळीवर हे सगळं मागे पडतं. तिथे मत मांडायचं असतं, निरोप पोचवायचा असतो, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायचं असतं. या पातळीवर मी दुसरं वर्ष काढत होतो.

वर्ग मोबाइलवर भरे. शिक्षिका जावा बेटावर, मी पाटोद्यात. इकडे सकाळचे साडेसहा वाजलेले असत, तिकडे आठ. वार्ताहराची नोकरी संपल्यावर ज्यात बातमी नाही असं काहीतरी शिकायचं ठरवलं आणि ही भाषा हाती लागली. दुनियेला तिथेही दुनिया म्हणतात, खुर्चीला कुर्सी, भूमीला बूमी. बातमीला काबार म्हणतात, ती आपली खबरच. प्रेमाला चिंता म्हणतात हे कळलं त्या दिवशी पुढचा धडा उघडला नाही. समुद्रापलीकडे इतकं सामान कधी, कोण घेऊन गेलं असेल, याचा विचार करत दुपार गेली.

बसस्थानकाजवळ फळांचा गाडा लावणाऱ्या बाईंना हे कुठून तरी कळलं. मी पेरू निवडत होतो.

"सर, तुमी तिकडची जबान शिकायले म्हनं?"

"हो. थोडी येते."

"थोडी म्हंजे किती? समधनीशी बोलता यील का?"

त्यांचा मुलगा आखातात एका हॉटेलात कामाला आहे. तिथेच काम करणाऱ्या जावा बेटावरच्या मुलीशी त्याने लग्न केलं. मुलगी पाटोद्याला आली, वर्षभरात सासूची दख्खनी बोलायला शिकली, गाड्यावर बसून मोसंबी तोलू लागली. मुलगा कामावर परतला. आता तिला सहावा महिना लागला होता.

मी विचारलं, "भाभी, सून आहे की घरात. तिलाच बोलू द्या आईशी."

त्यांनी पेरू परत ढिगात ठेवला. "सर, पोरीच्या बाळंतपणाची बोलनी पोरीच्याच तोंडून? लोक काय म्हनतील? ही गोष्ट समधनी समधनीत होती."

रीत आमच्याकडे सगळ्यांचीच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरची माणसं रीतसर बोलतात, माहेरची माणसं घेऊन जातात. मुलगी मध्ये तोंड घालत नाही. माहेर समुद्रापलीकडे आहे म्हणून त्या बाई रीत सोडायला तयार नव्हत्या.

मी दोन दिवस मागून घेतले. वाक्य वहीत लिहिलं, व्याकरण तपासलं. बातमीदारीत शिकलेली गोष्ट एकच: महत्त्वाचं आधी. काय झालं, कुणाचं, कधी. बाकी तपशील नंतर.

रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, दारात केळीचे घड टांगलेले. सून आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर डोक्यावरून ओढणी घेऊन उभी राहिली. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर एक बारीक चणीची बाई आली, मागे हिरवी भिंत. सलाम झाले. भाभींनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, मला खूण केली.

मी तयार केलेलं वाक्य म्हटलं: पुढच्या महिन्यात आम्ही तुमची मुलगी तुमच्याकडे परत पाठवत आहोत.

पडद्यावरची बाई हलली नाही. फोन अडकला असं मला वाटलं. मग ती हळू बोलली.

"सालाह आनाक साया आपा, पाक?"

माझ्या मुलीचं काय चुकलं, साहेब?

शब्द सगळे कळले होते. प्रश्न कळला नव्हता. मी वही पाहिली, वाक्यात चूक नव्हती. उंबऱ्याकडे पाहिलं. सुनेचे डोळे भरले होते, पण ती बोलली नाही.

"काय म्हनली?" सासूबाई.

मी सांगितलं.

"या अल्ला! तुमी काय बोलले तिला?"

मी तेही सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो सर, असं कुनी सांगतं का? कोर्टाची नोटीस हाय का ती? ती बिचारी पळसुद्धा जगनार न्हाई असं ऐकून!"

पुढच्या वर्गात शिक्षिकेने समजावलं, ते इथेच सांगतो. त्यांच्या भागात बाळंतपणाला मुलीची आई मुलीकडे जाते. सासरच्यांनी सून आईबापाकडे पाठवली, तर गावाला एकच अर्थ कळतो: संसार मोडला. आमच्याकडे ज्याने मुलीचा मान राहतो, त्यानेच तिथे तो जातो. त्या सकाळी हे मला माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की हिरव्या भिंतीपुढची बाई ओढणीने तोंड झाकून बसली आहे आणि तिथे तिला पोचवणारा मी आहे.

मी भराभर सांगायला लागलो. चूक काही नाही, ही आमची पद्धत आहे, चाळीस दिवस झाले की मुलगा घ्यायला येईल. ती ऐकत होती, विश्वास ठेवत नव्हती. परत पाठवणारे सगळे असंच काहीतरी बोलत असणार.

सासूबाईंनी तांब्याजवळून मोबाइल उचलला.

"तुमी थांबा, सर."

त्या आतल्या खोलीत गेल्या. सून बाजूला झाली. मी उंबऱ्याशी थांबलो. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि मोबाइल आत धरला. घडी घातलेले ड्रेस, लग्नातला शालू, दोन स्वेटर, कप्प्यात बांगड्यांचा डबा, खाली नव्या चपला. एकेक वस्तू त्या पडद्यासमोर धरत होत्या आणि दख्खनीत बोलत होत्या, पलीकडे कुणाला दख्खनी येत नाही याची पर्वा न करता.

"ये देखो. ये सब यहींच रहता. दो जोड़े लेके आती तुम्हारे पास, दो. बाकी सब इधरिच." मग कपाटाला कुलूप लावलं, चावी सुनेच्या हातात दिली, तिची मूठ मिटवली आणि ती मिटलेली मूठ पडद्यासमोर धरली.

मला भाषांतराला बोलावलं नाही. मीही पुढे झालो नाही.

घरातून काढलेल्या मुलीचं कपाट कुणी सांभाळून ठेवत नाही, हे जगात कुठेही कळत असावं. मग त्या बाईने ओढणी बाजूला केली, नाक पुसलं आणि विचारलं, सातव्या महिन्याला तुम्ही काय करता?

मी विचारलं आणि सांगितलं: ओटी भरतो, फळं घालतो. किती? सात. तिने एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्या हाताची दोन उचलली. त्यांच्याकडेही सातव्या महिन्यात विधी होतो, फळं लागतात, तीही सात. सासूबाई खाटेवर बसल्या.

"सात? तिकडंबी सात?"

त्यांनी गाड्यावरची फळं मोजायला सुरुवात केली. पेरू, मोसंबी, डाळिंब, केळी, चिकू, सफरचंद. सातव्याला त्या थांबल्या. मी सुचवलं, अननस.

"अननस? पोटुशीला?" सासूबाई ओरडल्या.

तो शब्द पलीकडे पोचला होता. "नानास? जांगान!" तिकडची बाई दोन्ही हात हलवत होती. नको, मुळीच नको. दोघी एकाच वेळी माझ्याकडे रागाने पाहत होत्या, एक समोरून, एक पडद्यातून. उंबऱ्यावरून पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला.

सातवं फळ द्राक्षं ठरलं.

निघताना सून दारापर्यंत आली. "सर, तुमारा बोलना बराबर था," ती म्हणाली. "बस, जो पहले बोले, वो आखिर में बोलना था."

दोन्ही भाषा येणारी त्या घरात ती एकटी होती. एका वाक्यात ती सगळं सावरू शकली असती. आईला रडताना पाहत तिने सासूची रीत पाळली होती. इतक्या वर्षांत पुष्कळ माणसांच्या गप्प राहण्याची नोंद मी केली आहे. असं गप्प राहणं पाहिलं नव्हतं.

नवरा रजेवर आला आणि ती त्याच्याबरोबर माहेरी गेली, दोन जोड कपडे घेऊन. त्यानंतर दर रविवारी फोन लागला की सासूबाई सलामानंतर आधी कुलूपबंद कपाट दाखवत.

मग एका सकाळी वर्ग चालू असतानाच मला सासूबाईंच्या घरून बोलावणं आलं, तसाच गेलो. फोन तिकडून होता. जावाची विहीण बोलू लागली आणि मी ज्या क्रमाने ऐकलं त्याच क्रमाने सांगू लागलो. तिकडे पाऊस चांगला झाला आहे. शेजारणीच्या गुडघ्याला उतार आहे. बाजारात आंबे आले आहेत.

"सर, हे कावून सांगायलेत? पोरीचं बोला की!"

"त्या सांगतायत तसंच सांगतोय, भाभी."

"तुमीबी त्यांच्यासारकेच झालेत!"

तुमचा मुलगा पुन्हा रजा काढून आला आहे, दोन दिवस झोपला नाही, आता झोपला आहे. सगळे तुम्हाला सलाम सांगतात. आणि पहाटे मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत.

सासूबाई उठल्या. आत गेल्या, आपल्या स्वतःच्या कपाटाचा मधला खण रिकामा करू लागल्या. साड्या खाटेवर पडत होत्या. खण पुसून झाल्यावर त्यांनी मोबाइल मागितला आणि तो रिकामा खण समधनीला दाखवला. "ये पोती का."