मागची चाकं सुटी केली तेव्हा

ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवायचं काम माझ्याकडे आलं. गाडी म्हणजे आमची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह. परदेशी कंपनीची, तिचे सुटे भाग आता इथे मिळतही नाहीत. ह्यांनी ती घेतली होती घाटातल्या चिखलवाटांसाठी. मी ती चालवत होते वाघोलीहून हडपसरला, दिवसाआड, ह्यांच्या फिजिओथेरपीला.

त्या दिवसांत मी इतकी दमलेली असायचे, की सिग्नलला गाडी थांबली की डोळे मिटायचे. मागच्या गाडीचा हॉर्न वाजला की उघडायचे. त्यात गाडीही रुसली. सरळ रस्त्यावर ठीक चालायची, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवलं की मागून कुणी धरून ठेवल्यासारखी अडायची आणि टायर फरशीवर करकरायचे. एका गॅरेजवाल्याने क्लच गेला म्हणून सांगितलं. दुसऱ्याने टायर बदलायला लावले. बदलले. करकर तशीच.

शेवटी एका सकाळी हे काठी टेकत खाली आले आणि गाडीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. सांगायचं काम ह्यांचं, करायचं माझं. मी चाकांना विटा लावल्या, गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक सोडला आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं.

"आता मधल्या नटाला लांब पाना लाव आणि दाबून धर. चाक सावकाश फिरायला हवं."

मी दाबलं. मग सगळं वजन टाकलं. चाक जागचं हललं नाही.

"गेला," हे म्हणाले. "व्हिस्कस कपलर."

गाडीच्या पोटाखालून एक लांब दांडा जातो, पुढची ताकद मागच्या चाकांना देणारा. त्याच्या मधोमध हा डबा, आत दाट तेल आणि चकत्या. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत. तेवढी सूट हा डबा देतो. तेल जुनं होऊन घट्ट झालं की सूट संपते, आणि चाकं एकमेकांना ओढत बसतात. हे सगळं ह्यांनी मला नीट समजावून सांगितलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच इतकं बोलले.

"मग आता?"

"नवा मिळणार नाही. दांड्यासकट काढायचा. पुढच्या दोन चाकांवर चालेल गाडी. आपण काढू."

"आपण म्हणजे मी."

"हो," हे म्हणाले आणि जमिनीकडे बघत राहिले.

पुढच्या रविवारी गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, चढवली. इतकी वर्षं ह्यांच्या हातात पाने देत आले होते, पण गाडीखाली कधी शिरले नव्हते. सतरंजी अंथरून आत सरकले. नाकासमोर गंज आणि वाळलेला चिखल. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका फिरून आले.

"गॅरेज उघडलंत वाटतं?"

"हो," मी आतून म्हटलं. "तुमची स्कूटर आणा, आवाज फार करते."

काका गेले. पुढचे बोल्ट सुटले, मधल्या बेअरिंगचेही सुटले. मागच्या टोकाचा एक मात्र हलेना. गंज काढायचं तेल मारलं, वाट पाहिली, पुन्हा ओढलं. मग तिथेच पडल्या पडल्या मला रडू आलं. त्या बोल्टसाठी नव्हतं ते. आवाज न करता रडत होते, तरी ह्यांना कळलं असावं. खुर्ची करकरली आणि बघते तर हे खाली जमिनीवर, कुशीवर, माझ्याकडे तोंड करून.

"अहो, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलंय!"

"वाकलो कुठे? आडवा झालोय. पान्याला पाइप लाव आणि टोक इकडे दे."

मी पाना बसवून धरला. ह्यांनी बाहेरून पाइप दोन्ही हातांनी ओढला. चेहरा लाल झाला. मी ओरडले, "सोडा!" आणि बोल्ट कट्कन सुटला.

दांडा जॅकवर टेकवून हळूहळू खाली घेतला. चांगलाच जड होता तो. त्याच्यापेक्षा ह्यांना उठवणं अवघड गेलं. वॉचमनला हाक मारली, त्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. हे हसायला लागले, मग कळवळले. मला मात्र हसू आलं नाही. सोमवारी डॉक्टरांना काय सांगायचं, तेच डोक्यात होतं.

गाडी खाली उतरवली, ह्यांना शेजारी बसवलं आणि मी पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेतलं. करकर नाही, ओढ नाही, स्टीअरिंग लोण्यासारखं.

"झाली साधी गाडी," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"मला साधीच हवी होती."

ह्यांची पाठ चार-सहा दिवस दुखली, पण डॉक्टर म्हणाले, नशीब, मणका शाबूत आहे. पुढे पावसाळ्यात भावाच्या शेतावर गेलो, तेव्हा बांधाजवळच्या चिखलात दोन चाकांची ओढ पुरली नाही, गाडी रुतली आणि ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. मला वाटलं, आता हे बोलणार. पण हे मागच्या सीटवर उशी घेऊन झोपले होते. दोर सोडवून मी परत स्टीअरिंगवर बसले, आणि निघाले.