कदमांचा राजीनामा

कदम हवालदार दारावरची घंटा वाजवत नसत, दाबून धरत. आतून माणूस येईपर्यंत बोट हटायचं नाही. आमच्या हरिशंकरपुरम कॉलनीतल्या निम्म्या घंटा त्यांनीच जाळल्या, असं इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने मला स्वतः सांगितलं आणि गहिवरून त्यांना दीर्घायुष्य चिंतलं.

दार उघडलं की एकच प्रश्न, "काही टेन्शन?" नाही म्हटलं तरी आत येऊन बसायचे. "टेन्शन नाही, मग चहा तर होऊनच जाईल!" आमच्या बीटमध्ये त्यांनी प्यायलेला चहा तिघऱ्याच्या धरणात ओतला असता, तर उन्हाळाभर ग्वाल्हेरच्या नळांना चहाच आला असता. त्यांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आले होते. कदमांकडे सरकारी मोटरसायकल होती, ती घोड्यापेक्षा जास्त खिंकाळायची.

त्यांचं खरं दुखणं होतं पार्कचा नाका. तिथे रोज संध्याकाळी बाइकवाल्या पोरांचं टोळकं बसायचं. ट्यूशनहून येणाऱ्या मुलींनी रस्ताच बदलला होता. कदम आले की टोळकं पांगायचं, वळले की पुन्हा हजर. शेवटी त्यांनी कॉलनीची बैठक बोलावली. आले आप्पा तांबे आणि एक कुत्रा. कदमांनी दोघांना पूर्ण भाषण दिलं. "मी एकटा किती वेळ उभा राहू? ज्या दिवशी तुम्ही सगळे खाली उतराल, त्या दिवशी हे हटतील. मला तर असंच लागतं." कुत्र्याने मान हलवली. आप्पा झोपले होते.

मग एकदा वसुधामावशी, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, एकट्याच त्या पोरांना झापायला गेल्या. म्होरक्याने ढकललं, डावं मनगट मोडलं. प्रत्येक बाल्कनीत माणूस उभा होता. पण कदमांनी घंटा दाबल्या तेव्हा कळलं की त्या संध्याकाळी अख्खी कॉलनी गाढ झोपेत होती. साक्षीदार एकही नाही.

पोराचा मामा ठेकेदार. तो रोज सफरचंदं घेऊन मावशींकडे यायचा. "मैडम, बच्चे से ग़लती हो गई. आप भी तो अकेली रहती हैं." दमून मावशी तडजोडीला तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी ठाण्यात सही करायची, प्रकरण मिटवायचं आणि नाका कायमचा त्या टोळक्याचा!

त्या संध्याकाळी कदम आप्पांकडे गेले आणि चहाला हात लावला नाही. ही बातमी तर आकाशवाणीवर यायला हवी होती. एवढंच म्हणाले, "आप्पा, उद्या राजीनामा होतोय. मामाचा जोर आहे. मी तर हरलो."

आता ठाण्याच्या हिंदीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. पण आप्पांचे पणजोबा दरबारच्या दफ्तरात, त्यामुळे घरात शुद्ध मराठी. त्यांना वाटलं, कदम नोकरी सोडतायत! त्यांनी फोन फिरवले. बातमी इंदरगंजला पोचेपर्यंत कदमांनी वर्दी परत केली होती आणि दाल बाजारात शिरेपर्यंत ते संन्यास घेऊन हिमालयात निघाले होते.

मावशींना माझ्या गाडीतून मीच ठाण्यात नेलं, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. मामाने पेन पुढे केलं, मावशींनी ते घेतलं, आणि बाहेर गर्जना झाली. किल्ल्यावरची कबुतरं उडाली म्हणतात! खिडकीतून पाहतो तर सगळी कॉलनी! जळलेल्या घंटांवरून कदमांच्या नावाने बोटं मोडणारे सर्वांत पुढे. घरात मराठीचा कितीही अभिमान असो, घोषणा द्यायला आम्हाला हिंदीच लागते:

"राजीनामा नहीं होगा! नहीं होगा, नहीं होगा!"

मामाचा चेहरा पडला. "ये सब... गवाह हैं?"

कदमांच्या मिशीला कंप सुटला. त्यांना सगळं कळलं होतं. "लगता तो यही है, ठेकेदार साहब."

मावशींनी खिडकीबाहेर बराच वेळ पाहिलं. मग पेनला टोपण लावलं. "मी सही करणार नाही."

मामा सफरचंदांसकट मागच्या दाराने गेला. कदम बाहेर आले तसे आप्पांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "कदम, राजीनामा मागे घ्या!"

"घेतला, आप्पा. पण एक शर्त आहे. बाल्कनीतून जे दिसलं होतं, ते आत येऊन लिहवून द्या."

काय सांगू, रांग लागली! झोपलेल्या कॉलनीला पोराच्या शर्टाचा रंगसुद्धा आठवला. प्रकरण कोर्टात उभं राहिलं. टोळकं जे उठलं ते उठलंच, आणि संध्याकाळी त्या नाक्यावर आम्हीच गप्पा ठोकायला लागलो. मुलींनी जुना रस्ता पुन्हा धरला.

पुढे कदमांची बदली झाली. निरोपाच्या चहाला, म्हणजे त्यांच्या पाचव्या कपाच्या वेळी, आप्पा छाती फुगवून सांगत होते, "यांची नोकरी आम्ही वाचवली!" मी कदमांच्या कानाशी लागलो, "आता तरी सांगून टाकू का खरं?"

"काय गोष्ट करता!" ते म्हणाले. "वाचवलीच ना त्यांनी."