चिमूटभर स्पॅनिशवर शेवगाव

शेवगावच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्याजवळ पाण्याच्या दोन बाटल्या, संत्र्यांची पिशवी आणि साधारण चाळीस स्पॅनिश शब्द होते. त्या चाळिसांत एकाही वस्तूचं नाव नव्हतं. खिडकीशी मार्ताबाई बसल्या होत्या. माझा मुलगा अजिंक्य जर्मनीत नोकरीला आहे. तिथेच त्याने स्पेनच्या लुसियाशी लग्न ठरवलं, आणि मार्ताबाई या लुसियाच्या आई.

खरं तर आम्ही चौघे निघणार होतो. पण सकाळी लुसियाला ताप भरला आणि अजिंक्य तिच्याजवळ नगरला थांबला. गावी वहिनींनी हुरड्याची सगळी तयारी केलेली, त्यामुळे बेत मोडणं शक्य नव्हतं. दुभाषे घरी राहिले आणि प्रवासाला आम्ही दोघे व्याही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या नोकरीत बदल्या फार, म्हणून अजिंक्यची शाळा वहिनींच्या घरी झाली. त्याचं लग्न आपल्या अंगणात व्हावं, एवढी एकच मागणी त्यांनी केली होती. मार्ताबाईंचं म्हणणं वेगळं होतं. लग्न जर्मनीतल्या कचेरीत सह्या करून लावावं, इतक्या दूरच्या अनोळखी घरात मुलीला कशाला उभं करायचं? तरी आधी घर बघते, मग सांगते, इतकं त्यांनी मान्य केलं होतं. अंगण की कचेरी, हे या एका फेरीवर ठरणार होतं.

आता माझ्या शब्दांविषयी. सोयरीक जुळल्यावर मी इंग्रजीत सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या शब्दांची यादी शोधली. वरचे सगळे किरकोळ निघाले: विथ, विदाउट, बट, ऑर, ऑल्सो, अंटिल. माझा हिशेब सरळ होता. भाकरी बोटाने दाखवता येते, पण ‘शिवाय’ कसं दाखवणार? म्हणून तेवढेच शब्द स्पॅनिशमध्ये उतरवून पाठ केले. कॉन म्हणजे सह, सिन म्हणजे विना, पेरो म्हणजे पण, तांबिएन म्हणजे सुद्धा. ‘फॉर’ला मात्र पोर आणि पारा असे दोन शब्द निघाले. कुठे कोणता हे काही केल्या डोक्यात बसेना, तेव्हा मी सगळीकडे पारा वापरायचं ठरवलं. लुसिया म्हणाली, निम्म्या वेळा बरोबर येईल. निम्मे गुण म्हणजे पास, असं मी तिला सांगितलं.

कंडक्टर आला. मार्ताबाईंकडे बघून म्हणाला, “बाईमानसाला अर्धं तिकीट हाय, काका.”

“त्या इथल्या रहिवासी नाहीत. पूर्ण द्या.”

“कुठल्या मंग?”

“स्पेनच्या. आमच्या होणाऱ्या विहीणबाई.”

“इहीनबाईंचं पूर्ण तिकीट काढनारा मानूस पयल्यांदाच बघतोय,” असं म्हणत त्याने तिकीट फाडलं आणि मागच्या सीटपर्यंत बातमी पोचवली.

करंजीचा घाट उतरल्यावर मुलूख बदलतो. झाडी विरळ होते, माळ मोकळे होतात आणि रस्त्याकडेला वेचणी झालेला कापूस वाळत उभा दिसतो. मार्ताबाईंच्या घरी ऑलिव्हची शेती आहे. शेत दिसलं की त्या काचेला नाक लावत. ज्वारीकडे बोट करून त्यांनी काही विचारलं. मी तोंडाकडे हात नेऊन “पारा” म्हणालो आणि मग बैलाची शिंगं करून “पारा तांबिएन.” खाण्यासाठी, आणि बैलांसाठीसुद्धा. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी मागे वळून माझी शिंगं नीट पाहिली.

मोबाइलवर भाषांतर करणारं ॲप अजिंक्यने टाकून दिलं होतं. पण शेवगावजवळच्या आमच्या गावात रेंज येते ती पाण्याच्या टाकीजवळ, आणि वहिनींचं शेत तिथून लांब. शेतात आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) पेटलेली होती. शेजारच्या मालनबाई गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसत होत्या आणि वहिनी भाजलेली कणसं तळहातांवर चोळून हिरवे दाणे पाखडत होत्या.

मी ठेच्याची वाटी वर धरली. “कॉन ओ सिन?” ठेच्यासह, की ठेच्याविना?

“कॉन!” मार्ताबाई ठणकावून म्हणाल्या. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तरी वाटी परत दिली नाही.

“लई धीराची हाय बाई,” मालनबाई म्हणाल्या. “आमच्या मालकास्नी न्हाई झेपत एवढा.”

वहिनी वाढतच होत्या. दाणे, गूळ, दही, पुन्हा दाणे. मार्ताबाई हात आडवा करत, वहिनी त्या हातावरच ओंजळ रिकामी करत. दोघी हसायला लागल्या तेव्हा मला वाटलं, काम झालं.

निघायच्या आधी घरी ओटी भरायची होती. तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू, सगळं ताट वहिनींनीच लावलं. मार्ताबाईंच्या पँटला पदर कुठला, म्हणून त्यांच्या खांद्यावर नवा टॉवेल टाकला. मग वहिनींनी ताट मालनबाईंच्या हाती दिलं आणि स्वतः दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. विधवेने ओटी भरायची नाही, हे आमच्याकडे इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात मलाही काही वावगं दिसलं नाही.

मार्ताबाईंना दिसलं. त्यांनी दाराकडे बोट केलं. “इ एया?” आणि ती?

मी भिंतीवरच्या भावाच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवलं. “एया, सिन.” ती, विना.

त्यांचा चेहरा कसा झाला ते अजून डोळ्यांपुढे आहे. ताठ उभ्या राहून त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. “यो तांबिएन. सिन.” मीसुद्धा. विना.

त्यांचे यजमान नाहीत हे आम्हाला माहीत होतं. तरी पाहुणी म्हणून त्यांची ओटी भरायचं ठरलं होतं, आणि भरणारीला मात्र आम्ही बाजूला ठेवलं होतं. मी वाक्य मराठीत सांगितलं. मालनबाईंची कुंकवाची चिमूट अर्ध्यावर थांबली. मार्ताबाईंनी टॉवेल काढून घडी घातली आणि खुर्चीवर ठेवला. अंगण हातचं गेलं, असं मी मनात म्हटलं.

मालनबाई पहिल्या भानावर आल्या. “आक्का, या भाईर. तुमीच भरा.”

“काय बोलतीस, मालन! लोक काय म्हनतील?”

“या गल्लीत लोकं म्हंजी मीच की. म्या काय बी म्हनत न्हाई. धरा ताट, हात अवघाडला माझा.”

वहिनी माझ्याकडे बघू लागल्या. “भाऊजी?”

“भरा वहिनी,” मी म्हणालो.

टॉवेल पुन्हा खांद्यावर आला. वहिनींनी कुंकू लावलं, थोडं तिरकंच लागलं, आणि ओंजळभर तांदूळ घातले. मार्ताबाईंनी लगेच त्यातले निम्मे उचलून वहिनींच्या पदरात टाकले. मालनबाई ओरडल्या, “आगं बया, ही तर परत द्याया लागली!” आणि मग स्वतःच चिमूटभर कुंकू वहिनींच्या कपाळी लावून मोकळ्या झाल्या.

परतीच्या एसटीत मार्ताबाईंनी नारळ मांडीवर धरला होता. तिसगाव मागे पडल्यावर त्यांनी रस्त्याच्या मागच्या दिशेला बोट केलं. “अयी,” त्या म्हणाल्या. हा शब्द मला येत होता: तिथे. लग्न तिथे. मी हात जोडणार, तोच बोट वर झालं. “पेरो कॉन एया.” पण तिच्यासह.

मी चाळीस शब्द जमवले होते ते दोन घरांची ओळख व्हावी म्हणून. माझ्याच घरातला एक माणूस वर्षानुवर्षं दाराआड उभा होता, हे त्या शब्दांनी मला दाखवलं.

स्टँडवर उतरल्याबरोबर मालनबाईंना फोन लावला. त्या टाकीजवळच होत्या; धावत जाऊन त्यांनी वहिनींना तिथे बोलावून आणलं. मी निरोप दिला: लग्न अंगणात, आणि लुसियाची पहिली ओटी तुम्ही भरायची.

“भरंन,” वहिनी म्हणाल्या. “पर पोरीला साडी नेसवूनच आना. टावेल-बिवेल न्हाई चालायचा.”