मासळीला शिट्ट्या

सासूबाई मासळी घेऊन आल्या तेव्हा मी हॉलमध्ये बंद टीव्हीसमोर बसले होते. नवरा जाऊन दोन महिने होत आले होते आणि मला अजून रडूच आलं नव्हतं. लोक यायचे, डोक्यावरून हात फिरवायचे, मी त्यांना चहा विचारायचे. जेवायला बसले की दोन घास खाऊन ताट सरकवायचे. येत्या रविवारी भाऊ मला कायमचं रत्नागिरीला न्यायला येणार होता. तो फोनवर म्हणाला, "चल," मी म्हणाले, "बरं." कुणी इंदूरलाच राहा म्हणालं असतं तरी बरंच म्हणाले असते. सासूबाईंनी त्यावर एक शब्द काढला नव्हता. मी गेले की त्या या फ्लॅटमध्ये एकट्या उरणार होत्या.

त्यांनी मासळी आणणं हे नवलच. मटण त्या आवडीनं खातात, दर रविवारी करतात, पण मासळीचा वास आला की नाकाला पदर. मला मासे करायचे असले की त्या भजनाला जाण्याची मी वाट बघायचे आणि गॅलरीत शेगडी मांडायचे. नवरा तिथेच स्टुलावर बसून खायचा. मग सगळ्या खिडक्या उघडून आम्ही चोरासारखे बसायचो.

आज त्यांनी पिशवी सरळ ओट्यावर ठेवली. "रोहू आहे, बेटा. मच्छीवाला बोलला, एकदम ताजा माल, माताजी. साफ करून पण दिली त्याने. तू बैस, मी करते."

पुढे काय होणार ते मला लगेच कळलं. त्यांनी कांदा आणि सुकं खोबरं भाजलं, खसखस वाटली, गरम मसाला घातला. म्हणजे मटणाचंच वाटण. त्यात मासळीचे तुकडे टाकले, पाणी ओतलं आणि कुकरला झाकण लावलं. मासळीला कुकर! माझ्या माहेरी एखाद्या सुनेनं हे केलं असतं तर गावभर झालं असतं. एरवी मी ओरडत धावले असते. शिट्टी झाली, मग आणखी एक. मटणाला देतात तेवढ्या सगळ्या शिट्ट्या त्यांनी इमानेइतबारे दिल्या. मी ऐकत बसले. राग नाही, हसू नाही, काहीच वाटत नव्हतं.

झाकण उघडलं तेव्हा आत मासळी उरलीच नव्हती. लाल रस्सा, तळाशी गाळ आणि काटेच काटे. सासूबाई वाकून बघत राहिल्या. "अरे देवा, पीस कुठे गेले?"

मग त्यांनी तो गाळ ताटलीत काढला, माझ्यासमोर बसल्या आणि बोटांनी एकेक काटा वेचायला लागल्या. पदर खांद्यावरच होता. बोटं रश्शानं लाल झाली होती, चष्मा घसरत होता, तो त्या मनगटानं वर ढकलत होत्या. वेचून झालेलं भातात कालवून त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

मी खाल्लं. चव मटणाच्या मसाल्याची आणि बाकी सगळा लगदा. तिखटानं तोंड भाजलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थांबेना. मी हुंदके देत खात राहिले.

"बहुत बिघडलं का?" त्यांनी घाबरून विचारलं.

"फारच. मासळीला शिट्ट्या देतात का कुणी, आई? एक उकळी आली की झालं."

"मला क्या माहीत? माझ्यासमोर तू कधी केलीच नाहीस."

त्या पुन्हा काटे वेचायला लागल्या. मग ताटलीत बघतच म्हणाल्या, "रविवारी भाऊ येईल तुझा. उसको क्या खिलाएंगे?"

"मासळीच," मी म्हणाले. "तुम्ही आणा, मी करते, शेजारी उभ्या राहून बघा. तो जेवेल आणि एकटाच परत जाईल."