तीन श्वास, मग दोन टोले

भागीरथा रामटेके नालीत पडली ती मंगळवारी, ३० जुलै १९७४ रोजी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण तिच्या मनगटावरचं घड्याळ त्याच मिनिटाला बंद पडलं आणि पुन्हा कधी चाललं नाही.

अजनीकडच्या एका लहान प्रसूतिगृहात ती नर्स होती. ज्या बायांना दवाखान्यापर्यंत येणं जमत नाही त्यांच्या घरी जाऊन बाळंतपण करायचं, हे तिचं काम. निळ्या काठाची पांढरी साडी, लेडीज सायकल आणि कॅरिअरला बांधलेली काळी बॅग दिसली की गल्लीतली पोरंच पुढं धावत जाऊन घर दाखवायची. तिच्या वडिलांनी, बाबनरावांनी, छप्पन साली दीक्षा घेतली आणि शाळेतून काढलेली लेक पंधरा दिवसांच्या आत पुन्हा शाळेत नेऊन बसवली. सायकलही त्यांनीच शिकवली, तासाच्या भाड्यानं आणलेली. "आधी थांबाले शीक, मंग चालवाले," असं ते म्हणायचे, आणि पहिले दोन दिवस त्यांनी तिला नुसतं ब्रेक दाबून पाय टेकायला लावलं होतं.

त्या वर्षी एप्रिलात बर्डीहून मानेवाड्यापर्यंत नवी शहर बस सुरू झाली. रस्ता होता तेवढाच राहिला. सकाळी त्याच रस्त्यावर रेल्वेच्या कामगारांच्या सायकली, रिक्षे, दुधाचे कॅन, आणि त्यांच्यामधून ही बस. ती थांब्यावर उभी राहिली की सायकलवाले डावीकडून, बस आणि नाली यांच्यामधल्या हातभर जागेतून, घंटी वाजवत निसटायचे. घंटी वाजवली की ड्रायव्हरला कळतं, असं सगळेच धरून चालत. भागीरथाही.

त्या मंगळवारी तिनं तीनदा घंटी वाजवली. तरी बस डावीकडे सरकली, मागच्या अंगाचा धक्का लागला आणि बाई बॅगेसकट नालीत. स्पिरिटची बाटली फुटली. बाळंतिणीच्या घरी ती चिखलानं माखलेली पोचली, तोवर शेजारणीनंच मूल झेललं होतं. दोघं सुखरूप होती, म्हणून निभावलं.

डॉक्टर प्रमोदिनीबाईंनी तिच्या कोपराला पट्टी बांधली आणि शांतपणे सांगितलं, "सायकल पुरे झाली. सोमवारपासून तू नोंदवहीच्या टेबलावर बसायचं. घरोघरी दुसरी कुणी जाईल, बसनं."

"बसनं? बाई, बस मोठ्या रस्त्यानं जाते. बाळंतिणी गल्लीत असतात."

"आणि तू नालीत असतेस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला बाळंतिणी सांभाळायच्या आहेत, तुझी हाडं नाहीत."

घरी नवऱ्याचं म्हणणंही तेच. देवाजी म्हणाला, "टेबल भेटून राहिलं त बस न वं! लोक टेबलासाठी साहेबाच्या मागं फिरतात."

"मी टेबल मागतलंच नाही," भागीरथा म्हणाली, आणि वाकलेलं मडगार्ड विटेवर ठेवून ठोकत बसली.

तिच्याजवळ पाच दिवस होते. बुधवारी ती ड्युटीआधी बसच्या शेवटच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. तिथं बस दहा मिनिटं विसावायची. ड्रायव्हर चंपतराव पन्नाशीचे, जाड मिशांचे. कंडक्टर बापूजी काटकुळे, सदा घाईत. तिला पाहताच चंपतराव चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "आली का वं बाई भांडाले? ये. पण पहिलेच सांगतो, मले तुझी घंटी ऐकू आली नाही."

"भांडाले नाही आली जी. मले तुमच्या जाग्यावर बसाचं हाय."

"घ्या! बापूजी, आता बाई बस चालवते. तू जाय तिच्या ठिकाणी पोरं काढाले."

बापूजी खो खो हसले. पण ती हटली नाही, तशीच उभी राहिली. शेवटी चंपतरावांनी दार उघडलं. ती साडी सावरून वर चढली. त्यांनी खालूनच हात घालून इंजिन सुरू केलं. बापूजींनी तिची सायकल बसच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकाशी नेऊन उभी केली आणि घंटी वाजवायला सुरुवात केली.

भागीरथा कान देऊन बसली. इंजिनाची धडधड, खिडक्यांचा खडखडाट. दुसरं काही नाही.

"वाजवा न बापूजी!" ती ओरडली.

"अंगठा दुखून राहिला वाजवून वाजवून!" खालून उत्तर आलं.

तिनं डावीकडच्या आरशात पाहिलं. त्यात बसचं पोट आणि बोटभर आभाळ. सायकल नाही, बापूजी नाहीत. चार महिने ती रोज याच जागेतून गेली होती, आणि इथं बसणाऱ्या माणसाच्या लेखी ती रस्त्यावर नव्हतीच.  पण खाली उतरेपर्यंत तिच्या डोक्यात पुढचं सुरू झालं होतं.

"चंपतराव, तुमाले दिसत नाही, ऐकू येत नाही. मंग दिसते कोणाले?"

चंपतरावांनी मागच्या दाराकडे बोट केलं. तिथं कंडक्टर असतो. त्यानं दोरी ओढून दोन टोले दिल्याशिवाय बस हलत नाही.

"मी त तिकिटं फाडून राहिलो असतो," बापूजी घाईघाईनं म्हणाले. "अन् उशीर झाला त साहेब मले बोलतीन."

"तीन श्वास, बापूजी. कळा आल्या की बायांना मी तेच सांगतो, तीन श्वास घे. तेवढ्या वेळात तुम्ही दाराबाहेर मुंडकं काढून मागं पाहाचं. मंग दोन टोले. अन् बस उभी असली की मी बाजूनं घुसणार नाही. मागंच थांबीन. दुसऱ्यायलेही थांबवीन."

"रेल्वेवाल्यायले तू थांबवशील?" चंपतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "त्यायले त सिग्नलही थांबवत नाही."

पण बापूजींनी मान डोलावली. त्यांची सून आठव्या महिन्यात होती, हे भागीरथाला माहीत होतं. तिनं ते मुद्दामच काढलं नाही.

गुरुवारी पहिल्या थांब्यावर ती बसच्या मागं सायकलवरून उतरून उभी राहिली आणि डावा हात आडवा पसरला. मागून ओरड सुरू झाली.

"ओ नर्सबाई, बाजूले व्हा न! हजेरी लागते आमची!"

"बाई आता पोलिसात लागल्या वाटते!"

"काहून थांबलो आपण? कोणी मेलं का?"

"कोणी मरू नाही म्हणूनच थांबलो," ती मागं न पाहता म्हणाली. दोघं तिच्या हाताखालून वाकून गेलेच. त्यातला एक दारातून उतरणाऱ्या म्हातारीवर आदळता आदळता राहिला आणि म्हातारीनं त्याला छत्रीनं हाणलं. त्यानंतर हात आडवा धरून ठेवणं जरा सोपं गेलं. शुक्रवारी पाचसहा जण आपणहून थांबले. बापूजी दारातून मान काढत, ओठांतल्या ओठांत तीन मोजत आणि दोरी ओढत.

शनिवारी सकाळी निरोप आला. मानेवाड्याच्या अलीकडे पार्वतीबाई मेश्रामांची सून अडली होती, मूल पायाळू. डॉक्टरबाई स्वतः निघाल्या. भागीरथा सायकल काढू लागली तशा म्हणाल्या, "तू बसनं चल माझ्यासोबत."

"सोमवारपर्यंत सायकल माझीच आहे, बाई."

 डॉक्टरबाई बसमध्ये मागच्या दाराशेजारी, डाव्या खिडकीला बसल्या. पुढच्या प्रत्येक थांब्यावर त्यांना तेच दिसलं. बस थांबे, थोड्या वेळानं मागून सायकली येत, सर्वांच्या पुढं पांढऱ्या बाहीचा एक हात आडवा होई आणि घोळका उभा राही. माणसं निवांत उतरत. कंडक्टर बाहेर मान काढून पुटपुटे, मग दोन टोले.

"काय मोजता हो?" त्यांनी शेवटी विचारलं.

"श्वास," बापूजी म्हणाले. "तुमच्याच नर्सबाईनं लावून देल्ली सवय."

थांब्यावर डॉक्टरबाई उतरल्या. पार्वतीबाईंचं घर तिथून अर्ध्या मैलावर, गुडघाभर गवतातल्या पायवाटेनं. त्यांनी चपला हातात घेतल्या, दहा पावलं गेल्या. मागून भागीरथा आली आणि पाय टेकून थांबली. बॅग काढून हँडलला अडकवली.

"बाई, मागं बसा."

"कॅरिअरवर?"

"मूल पायाळू आहे, बाई. चालत गेलो त ते आपल्याआधी पोचंन."

डॉक्टर प्रमोदिनीबाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि पदर कमरेला खोचून, एका अंगाला दोन्ही पाय सोडून कॅरिअरवर बसल्या. "पाडलंस तर बघ," एवढंच म्हणाल्या. भागीरथानं उभं राहून पायडल मारलं.

साडेनऊला मुलगी झाली. आधी निळी, मग तिसऱ्या थापटीला लाल होऊन रडली.

सोमवारी भागीरथा ड्युटीवर आली तेव्हा नोंदवहीच्या टेबलावर चंद्रकला आया बसली होती, आपल्या नीट अक्षरात पार्वतीबाईंच्या नातीच्या जन्माची वेळ लिहीत. डॉक्टरबाईंनी कपाटातून स्पिरिटची नवी बाटली काढली, टॉवेलात गुंडाळली आणि स्वतःच्या हातानं बॅगेत ठेवली.

"काचेची आहे," त्या म्हणाल्या. "घंटीच्या भरवशावर नेऊ नकोस."

"नाही, बाई," भागीरथा म्हणाली, आणि बॅग कॅरिअरला बांधून, बस यायच्या आत निघाली.